कापरेकर गुरुजींचा आकडा : ६१७४

मंडळी, तुम्हाला आता हातच्याची वजाबाकी येते. तेवढ्या शिदोरीवर आज एक गंमत करू. पाटी-पेन्सिल घ्या.

चार अंकी कोणतीही संख्या घ्या. चारही अंक एकच नकोत. ५५५५ घेतले तर वजाबाकी शून्य येईल आणि गंमत तिथेच संपेल. आपण ३५२४ घेऊ. हेच अंक मोठ्यापासून लहानापर्यंत मांडा : ५४३२. मग उलटे मांडा : २३४५. मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करा. जे उत्तर येईल, त्याचेही तसेच करा.

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता ६१७४ चे तसेच करून पाहा.

७६४१ − १४६७ = ६१७४

पुन्हा तेच! गुरे कोणत्याही रानात चरोत, दिवस मावळला की गोठ्यातच येतात. तसेच हे आहे. सुरुवात कुठूनही करा, फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येते. मध्येच उत्तर तीन अंकी आले, तर पुढे शून्य लिहून चार अंक करावेत.

हे कोणी शोधले? आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात देवळाली गाव आहे. तिथे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. त्यांचा जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. आकड्यांचा त्यांना भारी नाद. १९४९ साली त्यांनी ही गोष्ट मांडली. पुढे १९७५ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या मासिकात त्यांच्याविषयी लिहून आले आणि जगभर नाव झाले. १९८६ साली ते वारले. आज जगातले गणिती ६१७४ ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. स्थिरांक म्हणजे न हलणारा आकडा.

जामखेडला आमच्या रात्रीच्या वर्गात मी ही गंमत सांगितली. एका मावशींनी २७५१ घेतले. शेवटी त्या म्हणाल्या, “गुरुजी, तुमचा आकडा खोटा हाय. माझं ६१८४ आलं.” सारे हसले. मावशी पाटी पुसू लागल्या. म्हणाल्या, “मलाच येत नाही, दुसरं काय!”

मी म्हटले, “पुसू नका. माझ्यावर विश्वास ठेवू नका, पण पाटी तपासा.” मग एक खूण सांगितली. अशा वजाबाकीत वरच्या आणि खालच्या संख्येचे अंक तेच असतात. म्हणून उत्तराला नऊने नेहमी पुरा भाग जातो. उत्तराच्या अंकांची बेरीज ९, १८ किंवा २७ अशीच येते. ६, १, ७, ४ यांची बेरीज १८. मावशींच्या ६, १, ८, ४ ची झाली १९. म्हणजे चूक नक्की. त्यांनी बोट ठेवून एकेक घर पाहिले. “आवं, इथं हातचा धरायचा राहिला!” चूक त्यांची त्यांनीच काढली.

मंडळी, मोल आहे ते ह्याला. पुस्तकात छापले म्हणून खरे नव्हे, आणि गुरुजी म्हणाले म्हणूनही नव्हे. आपण पडताळले म्हणून खरे. दुकानाच्या बिलाला आणि सोसायटीच्या कर्जाच्या हिशेबालाही हीच सवय लावा.

करून पाहा : १९७२ हे मोठ्या दुष्काळाचे साल. ते घेऊन सुरुवात करा. सातव्या वजाबाकीला घर सापडेल. मधे कुठे अडले, तर पाटी पुसू नका. अंकांची बेरीज करा.