गाडी ‘मिसिंग’ करते तेव्हा

सिग्नलला थांबल्यावर स्टिअरिंग थरथरायला लागलं, चढावर गाडी हिसके देऊ लागली, की आपण म्हणतो, गाडी ‘मिसिंग’ करतेय. मग ती गॅरेजमध्ये जाते आणि प्लग, कॉइल, इंजेक्टर अशी लांबलचक यादी हातात पडते. यातलं नेमकं काय बिघडलंय, हे बरेचदा घरच्या घरी शोधता येतं. मी माझ्या गाडीसाठी वापरतो ती पद्धत सांगतो.

आधी इंजिनात काय घडतं ते पाहू. प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं, प्लगची ठिणगी पडते आणि ते पेटतं. चार सिलिंडरचं इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर मिनिटाला १६०० वेळा ज्वलन होतं. एक सिलिंडर गप्प बसला की त्यातले ४०० ठोके चुकतात. कारणं तीनच प्रकारची : ठिणगी नाही, इंधन आणि हवेचं प्रमाण बिघडलं किंवा दाब पुरत नाही.

हे दुखणं अंगावर काढू नये. न जळलेलं पेट्रोल धुराच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. तो इतका तापतो की आतली जाळी वितळू शकते. आणि त्याची किंमत प्लगच्या कित्येक पट असते. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल, तर गाडी दामटू नका. सुरक्षित जागी थांबवा.

पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा, मिसिंग केव्हा होतं? घाटात किंवा ओव्हरटेक करताना होत असेल तर संशय ठिणगीवर. भार वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. अशक्त कॉइल तिथंच हार मानते. फक्त उभ्या गाडीत होत असेल आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर कमी होत असेल, तर एखाद्या फाटक्या नळीतून जादा हवा शिरत असेल. पावसाळ्यातच होत असेल तर ओल शोधा. गाडी सीएनजीवर असेल तर पेट्रोलवर टाकून पाहा. सीएनजी पेटवायला जोरकस ठिणगी लागते, त्यामुळे झिजलेले प्लग तिथं आधी उघडे पडतात. आणि हो, उंदरांनी वायरी कुरतडल्या नाहीत ना, तेही पाहा.

दुसरी पायरी, दोषी सिलिंडर शोधणं. अलीकडच्या गाड्यांत डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्याला साधा कोड रीडर जोडला की ‘पी-०३०२’सारखा कोड दिसतो. म्हणजे दुसरा सिलिंडर चुकतोय. ‘पी-०३००’ आला तर दोष एकाच सिलिंडरपुरता नाही. सहसा बेल्टच्या बाजूचा सिलिंडर पहिला धरतात.

आता नवा भाग विकत न आणता अदलाबदल करायची. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल, तर इंजिन बंद आणि थंड करून दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवा. कोड पुसून इंजिन चालवून पाहा. कोड ‘पी-०३०३’ झाला, तर चोर सापडला : कॉइल. नाही हलला, तर प्लगांची अशीच अदलाबदल करा. तेव्हा प्लगचं टोक पाहा. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट म्हणजे इंजिनात ऑइल चढतंय. गरम इंजिनातून प्लग काढू नका, ॲल्युमिनियमचे आटे खराब होतात. प्लग बदलूनही दोष त्याच सिलिंडरला चिकटून राहिला, तर इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन तपासायचं. ते काम मेकॅनिकचं.

काही पथ्यं पाळायलाच हवीत. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. ओढणी, पदर, सैल बाह्या पट्ट्यापासून दूर ठेवा. चालू इंजिनात प्लगची वायर उपसून ठिणगी पाहण्याची जुनी सवय सोडा. तिथं हजारो व्होल्ट असतात.

एवढं केल्यावर गॅरेजमध्ये गेलात, तरी बोलणं बदलतं. ‘गाडी मिसिंग करतेय, बघा जरा’ याऐवजी तुम्ही म्हणता, ‘दुसरा सिलिंडर चुकतोय, कॉइल आणि प्लग बदलून पाहिलेत.’ मग चांगल्या भागांचं बिल भरण्याची वेळ सहसा येत नाही.