विश्लेषण : हॉकीचा बचावपटू घडतो कसा? संभाजीनगरच्या टर्फपासून व्यावसायिक लीगपर्यंतची वाट किती लांब?

हॉकी इंडिया लीगच्या ऑक्टोबर २०२४ मधील लिलावात सर्वांत मोठी बोली लागली ती एका बचावपटूवर. भारताचा कर्णधार हरमनप्रीत सिंग याला सूरमा हॉकी क्लबने ७८ लाख रुपयांना घेतले. महिलांच्या लिलावातही सर्वांत महाग ठरली ती उदिता दुहान ही बचावपटूच. बंगाल टायगर्सने तिच्यासाठी ३२ लाख रुपये मोजले. गोल करणाऱ्याचे नाव होते आणि गोल अडवणारा विस्मृतीत जातो, हा जुना समज निदान लिलावाच्या टेबलावर तरी खोटा ठरला.

छत्रपती संभाजीनगरमध्ये विद्यापीठ परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे, म्हणजे ‘साई’चे केंद्र आहे. तेथे हॉकीचे प्रशिक्षण मिळते आणि कृत्रिम टर्फही आहे. मराठवाड्यातील एखाद्या शाळेत ‘बॅक’ खेळणाऱ्या मुलासाठी किंवा मुलीसाठी व्यावसायिक खेळाची वाट अशाच केंद्रांतून सुरू होते. पण या वाटेवर काय शिकायचे, कोणत्या वयात शिकायचे आणि त्यातून पोट भरणार का, हे प्रश्न पालकांसमोर असतातच.

बचावपटूला इतका भाव का?

त्याचे पहिले उत्तर पेनल्टी कॉर्नर हे आहे. चेंडू स्टिकवर ओढत आणून गोलकडे भिरकावण्याच्या तंत्राला ‘ड्रॅग-फ्लिक’ म्हणतात. त्यात पारंगत असलेले अनेक खेळाडू बचावफळीत खेळतात. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हरमनप्रीतने १० गोल केले. लिलावातील सर्वांत महाग परदेशी खेळाडू गोन्झालो पेयाट हाही बचावपटू आणि ड्रॅग-फ्लिकर. त्याला हैदराबाद तूफान्सने ६८ लाखांना घेतले. १ फेब्रुवारी २०२५ रोजी राउरकेलात झालेल्या अंतिम सामन्यात बंगाल टायगर्सने हैदराबादला ४-३ असे हरवले, तेव्हा हॅटट्रिक केली ती जुगराज सिंगने. तोही याच पठडीतला.

मात्र येथेच अनेक नवोदितांची गफलत होते. ड्रॅग-फ्लिकमुळे बोली वाढते, पण संघातील जागा टिकते ती बचावामुळे. सामन्यात पेनल्टी कॉर्नर मोजके मिळतात. प्रतिस्पर्ध्याची चढाई मात्र दर एक-दोन मिनिटांनी येते.

बचावपटूची चूक महाग का पडते?

आघाडीच्या खेळाडूने चार संधी दवडल्या आणि पाचवी साधली तरी तो सामन्याचा नायक ठरतो. बचावपटूचे गणित उलटे असते. गोलभोवतीच्या १४.६३ मीटर त्रिज्येच्या ‘डी’मध्ये त्याच्याकडून अनवधानाने चूक झाली, चेंडू पायाला लागला, तरी प्रतिस्पर्ध्याला पेनल्टी कॉर्नर मिळतो. ‘डी’बाहेर पण २३ मीटर रेषेच्या आत जाणूनबुजून चूक केली तरी तीच शिक्षा होते. नक्की होणारा गोल नियम मोडून अडवला तर थेट पेनल्टी स्ट्रोक.

त्यात कार्डांची भर पडते. हिरवे कार्ड मिळाले की दोन मिनिटे आणि पिवळे मिळाले की किमान पाच मिनिटे मैदानाबाहेर बसावे लागते. तेवढा वेळ संघ एका खेळाडूविना खेळतो. पेनल्टी कॉर्नरच्या वेळी गोलरक्षकासह फक्त पाच जण बचावाला उभे राहू शकतात, बाकीच्यांना मध्यरेषेपलीकडे जावे लागते. त्यामुळे चांगल्या बचावपटूची पहिली ओळख ‘त्याने किती चेंडू हिसकावले’ ही नसून ‘त्याने किती कॉर्नर दिले नाहीत’ ही असते. हा आकडा गुणफलकावर कधीच दिसत नाही.

पॅरिसमध्ये काय दिसले?

४ ऑगस्ट २०२४ रोजी ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात भारताचा प्रमुख बचावपटू अमित रोहिदास याला १७व्या मिनिटाला लाल कार्ड मिळाले. उरलेली सुमारे ४३ मिनिटे भारत दहा खेळाडूंसह खेळला. मधल्या फळीतील मनप्रीत सिंग मागे येऊन बचाव करू लागला. सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि शूटआउटमध्ये भारत ४-२ असा जिंकला. निलंबनामुळे रोहिदास जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात खेळू शकला नाही आणि भारत २-३ असा हरला. पुढे स्पेनला २-१ ने हरवून भारताने कांस्यपदक मिळवले, त्या सामन्यातील दोन्ही गोल हरमनप्रीतचे होते.

या दोन सामन्यांतून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक बचावपटू नसण्याची किंमत किती असते, ही पहिली. आणि मधल्या फळीत घडलेला खेळाडू गरज पडली तर बचावही सांभाळू शकतो, ही दुसरी.

मग लहानपणीच ‘बॅक’ ठरवावा का?

शाळेच्या संघात बहुधा असे होते की जो उंच, दणकट आणि जोरात हिट मारणारा, तो मागे. जो चपळ, तो पुढे. बाराव्या-तेराव्या वर्षी लागलेला हा शिक्का मग पुसला जात नाही. मागे उभ्या केलेल्या मुलाला चेंडू घेऊन पळण्याची, गर्दीतून वाट काढण्याची, पाठीवर प्रतिस्पर्धी असताना वळण्याची सवयच लागत नाही. आलेला चेंडू लांब फटकावणे एवढेच त्याचे काम उरते. आजच्या हॉकीत मात्र चढाईची सुरुवात बचावपटूपासून होते. चेंडू नुसता फटकावणारा बॅक म्हणजे प्रतिस्पर्ध्याला चेंडू परत देणारा बॅक.

मोठ्या खेळाडूंचा प्रवास वेगळेच सांगतो. लिलावात महाग ठरलेली उदिता लहानपणी हँडबॉल खेळायची. २०१८च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ती भारताच्या आघाडीच्या फळीत होती. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तीच बचावपटू म्हणून उतरली.

महाराष्ट्रातील उदाहरण आणखी जवळचे आहे. सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके २०२३च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होती. तेव्हा तिचे नाव मधल्या फळीत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजगीर येथे आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकणाऱ्या संघात ती बचावफळीत होती. त्याच तालुक्यातील वाखरीची अक्षता ढेकळे २०२२च्या कनिष्ठ विश्वचषकात चौथ्या आलेल्या भारतीय संघाची बचावपटू होती. दोघीही राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, पुण्याच्या बालेवाडीत घडल्या. त्या प्रबोधिनीची निवड चाचणी धावणे, उडी, मेडिसिन बॉल फेक अशा मूलभूत क्षमतांची असते. मुलगी कुठल्या जागी खेळते, हे तेथे कोणी विचारत नाही. आधी खेळाडू आणि मग जागा, असा हा क्रम आहे.

कोणत्या वयात काय शिकायचे?

साधारण १४ वर्षांपर्यंत सर्व जागांवर खेळणे, चेंडूवर ताबा, दोन्ही बाजूंनी पास आणि धावण्याची ढब, एवढे पुरेसे आहे. त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत बचावाची खरी शाळा सुरू होते.

त्यातला पहिला धडा म्हणजे चेंडूवर झडप न घालणे. नवखा बचावपटू समोरचा खेळाडू दिसताच स्टिक पुढे टाकतो आणि चकतो. जाणता बचावपटू पावले लहान करतो, गुडघ्यांत वाकतो, स्टिक जमिनीलगत ठेवतो आणि समोरच्याला कडेच्या रेषेकडे ढकलत नेतो. जागा संपली की चेंडू आपोआप हाती लागतो. दुसरा धडा नजरेचा. चेंडू दुसऱ्या टोकाला असताना आपल्या पाठीमागे कोण येतो आहे, हे मान वळवून पाहत राहणे. तिसरा धडा बोलण्याचा. मागून सगळे मैदान दिसते ते गोलरक्षकाला आणि बचावपटूला. ‘डावीकडे सरक’, ‘मागे माणूस आहे’ अशा हाका त्यांनी दिल्या नाहीत तर पुढचे आठ जण आंधळे खेळतात. अबोल मुलाला हा धडा सर्वांत जड जातो आणि प्रशिक्षणात तोच सर्वांत जास्त वेळा राहून जातो.

हे तीनही धडे वजन उचलून किंवा शंभर हिट मारून येत नाहीत. ते सामन्यांतून, चुकांमधून आणि त्या चुका कोणीतरी शांतपणे दाखवून दिल्याने येतात. म्हणून बचावपटू आघाडीपटूपेक्षा उशिरा पिकतो. सतराव्या वर्षी ‘चमकत नाही’ म्हणून वगळलेला मुलगा एकविसाव्या वर्षी उत्तम बचावपटू होऊ शकला असता, ही शक्यता निवड चाचणीत मोजता येत नाही.

ड्रॅग-फ्लिक कधी सुरू करावी?

तंत्राची ओळख लवकर करून द्यायला हरकत नाही, पण भरमसाट सराव वाढीच्या वयात धोक्याचा असतो. या फटक्यात शरीर खाली झुकून पिळले जाते आणि कंबर, मांडीचे सांधे व पाठीच्या खालच्या मणक्यांवर ताण येतो. उंची झपाट्याने वाढत असताना हा ताण अधिक जाणवतो. त्यामुळे सरावातील फ्लिकची संख्या मोजून ठेवणे, पोट-पाठीचे स्नायू आधी बळकट करणे आणि पाठदुखीची तक्रार ‘सवय होईल’ म्हणून न टाळणे गरजेचे आहे.

दुसरी काळजी कॉर्नर अडवताना घ्यावी लागते. ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेगाने येणाऱ्या चेंडूच्या दिशेने धावत जाणे हे बचावपटूचे काम असते. चेहऱ्याचा मुखवटा, हातमोजा आणि गुडघ्याचे पॅड सरावातही हवेत. शाळेच्या पातळीवर खर्चामुळे नेमके हेच राहून जाते.

टर्फ आणि पाण्याचा संबंध काय?

मुरमाड मैदानावर चेंडू उसळतो, वेग मंदावतो आणि बचावपटूला सावरायला क्षणभर मिळतो. टर्फवर तो क्षण नसतो. चेंडू सपाट व वेगात येतो, स्टिक जमिनीला चिकटलेली नसेल तर खालून निसटतो. तालुक्याच्या मैदानावर पाच वर्षे खेळलेल्या मुलाला टर्फवर बचाव जवळपास नव्याने शिकावा लागतो. म्हणून टर्फ कोणत्या वयात मिळतो, हा बचावपटूसाठी इतर कोणाहूनही मोठा प्रश्न आहे.

आंतरराष्ट्रीय दर्जाचे टर्फ खेळण्यापूर्वी भिजवावे लागते. नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येणाऱ्या शहरात ही बाब क्षुल्लक नाही. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघही कमी पाण्याच्या व कोरड्या टर्फकडे वळण्याच्या प्रयत्नात आहे. तसे टर्फ सर्वत्र आले तर मराठवाड्यासारख्या भागाला त्याचा मोठा लाभ होईल.

पैशांचे गणित कसे आहे?

७८ लाखांचा आकडा पाहून हुरळून जाण्यात अर्थ नाही. पुरुषांच्या लीगमध्ये त्या हंगामात आठ संघ होते आणि प्रत्येक संघात किमान चार कनिष्ठ खेळाडू घेणे बंधनकारक होते. म्हणजे देशभरातील कनिष्ठांसाठी राखीव जागा होत्या ३२, आणि त्यात सर्व जागांवरचे खेळाडू आले. सर्वांत खालची मूळ किंमत दोन लाख रुपये होती. स्पर्धा जेमतेम पाच आठवड्यांची. आठ संघांत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता.

त्यामुळे भारतातील बहुतेक हॉकीपटूंचा खरा आधार नोकरी हाच असतो. रेल्वे, तेल कंपन्या, लष्कर आणि पोलीस दले खेळाडूंना सामावून घेतात. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. ‘खेलो इंडिया’साठी निवड झाल्यास प्रशिक्षणाचा खर्च शासन उचलते आणि किरकोळ खर्चासाठी वर्षाला १ लाख २० हजार रुपये मिळतात. यातील बऱ्याच नोकऱ्यांसाठी किमान शिक्षणाची अट असते. दहावी-बारावी सोडून फक्त मैदानावर राहिलेला खेळाडू दुखापत झाली की दोन्हीकडून कोरडा राहतो.

पालकांनी काय पाहावे?

मुलाने किती गोल केले, हे विचारणे सोपे आहे. बॅक खेळणाऱ्या मुलाच्या पालकांनी प्रशिक्षकाला वेगळे प्रश्न विचारायला हवेत. त्याला वर्षभरात दुसऱ्या जागांवर किती खेळवले? सामन्यानंतर त्याच्या चुका कोणी दाखवतो का? फ्लिकच्या सरावाला मर्यादा आहे का? शाळेचे तास बुडतात ते भरून कोण काढतो?

लीगमध्ये बोली लागते ती २३-२४ वर्षांच्या तयार खेळाडूवर. त्याच्यामागे दहा वर्षांचा न दिसणारा सराव असतो आणि त्या दहा वर्षांत कोणीतरी त्याला ‘अजून थांबू’ असे म्हटलेले असते. संभाजीनगरच्या टर्फवरून पुढचा बचावपटू निघायचा असेल, तर साहित्य आणि पाणी याइतकीच ही थांबण्याची तयारीही लागेल.