भट्टीत घडणारा दात

मिलिंग मशीनमधून नुकताच निघालेला झिर्कोनिया या सिरॅमिकचा क्राऊन, म्हणजे दातावर बसवायची टोपी, खडूसारखा असतो. पांढराफटक, हलका, नखानं ओरखडा पडेल इतका कच्चा. दाताच्या मॉडेलवर ठेवून पाहिला तर सैल, चक्क मोठा. तो मुद्दामच मोठा कापलेला असतो, कारण भट्टीत तो प्रत्येक बाजूनं वीस ते पंचवीस टक्के आकसणार असतो. नेमका किती, तो आकडा ज्या डिस्कमधून क्राऊन कापतात त्या प्रत्येक डिस्कवर छापलेला असतो आणि बॅच बदलली की आकडाही बदलतो. पुण्यातल्या एका डेंटल लॅबमध्ये हे काम बघत बसलो होतो, तेव्हा तिथले टेक्निशियन कॉम्प्युटरवर तो आकडा भरून पुन्हा डिस्कशी ताडून बघत होते. त्यात चूक झाली, तर क्राऊन कितीही सुंदर कापलेला असो, मार्जिनला, म्हणजे दाताच्या कडेला, नीट बसणारच नाही.

रंगाच्या द्रावणात बुडवलेला क्राऊन आधी पूर्ण वाळवावा लागतो. आत ओल राहिली तर वाफेनं तडा जातो. मग छोट्या मण्यांवर ठेवून तो भट्टीत जातो. तापमान हळूहळू १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास चढतं, तिथं साधारण दोन तास थांबतं आणि तितक्याच सावकाश उतरतं. रात्रभराचं काम. सकाळी ट्रेमध्ये दाताच्या रंगाचा, किंचित पारदर्शक, टणटणीत क्राऊन असतो. तो मॉडेलवर अलगद सरकला आणि कडेची रेघ दिसेनाशी झाली, तेव्हा मी तो काढून पुन्हा बसवून बघितला.

या पदार्थाचा स्वभाव विलक्षण आहे. शुद्ध झिर्कोनिया सुमारे ११७० अंशांच्या वर गेला की त्याची स्फटिकरचना बदलते. थंड होताना ती पूर्वपदावर येते आणि त्या वेळी आकारमान चार-पाच टक्क्यांनी वाढतं. एवढ्यानं सबंध तुकडा फुटतो. म्हणून त्यात थोडा यिट्रिया (यिट्रियमचं ऑक्साइड) मिसळतात, म्हणजे उच्च तापमानाची रचना थंड झाल्यावरही टिकून राहते. पुढे कधी क्राऊनला चीर पडू लागली, तर चिरेच्या टोकाशी असलेले कण रचना बदलून फुगतात आणि चिरेला दाबून धरतात. १९७५ साली ऑस्ट्रेलियातल्या गार्व्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये हे मांडताना अशा सिरॅमिकची तुलना पोलादाशी केली. ज्या बदलामुळे शुद्ध झिर्कोनिया फुटतो, तोच बदल आवरून धरला की रक्षण करतो. पण भट्टी गरजेपेक्षा जास्त तापली किंवा फार वेळ तापत राहिली, तर कण मोठे होतात आणि मोठे कण आपली रचना धरून ठेवू शकत नाहीत.

शेजारी दुसरी, लहान, व्हॅक्यूमची भट्टी होती. तिच्यात लिथियम सिलिकेट या काचेपासून बनणाऱ्या सिरॅमिकचे क्राऊन होतात. काहींत वजनाच्या सुमारे १० टक्के झिर्कोनिया असतो, पण तो काचेत विरघळलेला. कण म्हणून तो वेगळा दिसत नाही. काच स्फटिकांत बदलत असताना तो त्यांना फार वाढू देत नाही, म्हणून स्फटिक बारीक राहतात. हा क्राऊन ८४० अंशांच्या आसपास काही मिनिटांत पकतो. आत जाताना मधाच्या रंगाची पारदर्शक काच, बाहेर येताना दात. आकसतो अगदी नगण्य. इथं धोका वेगळा असतो: तापमान वाढलं तर काच मऊ होते आणि पातळ कडा गोलसर होऊन बसतात.

झिर्कोनियावर पोर्सिलेनचा थर चढवला, की शेवटच्या भाजणीनंतरचं थंड होणं मला सगळ्यांत नाजूक वाटलं. झिर्कोनिया उष्णतेचा मंद वाहक आहे. भट्टी झटकन उघडली तर बाहेरचा थर आधी थिजतो, आतला नंतर, आणि तो ताण पोर्सिलेनमध्ये अडकून राहतो. डोळ्यांना काही दिसत नाही. काही महिन्यांनी भाकरी चावताना टवका उडतो आणि दोष दाताला किंवा डॉक्टरांना दिला जातो.

तासाभरात झिर्कोनिया पकवणाऱ्या भट्ट्या आता आल्या आहेत. त्यासाठीच बनवलेल्या साहित्याच्या एखाद्या क्राऊनला त्या चालतात. अनेक दात जोडणाऱ्या लांब ब्रिजला मात्र सावकाश तापणं आणि सावकाश निवणंच हवं. तेव्हा डॉक्टरांनी पुढच्या आठवड्याची तारीख दिली, तर ‘उद्याच बसवा’ असा आग्रह धरू नका.