हलालची अर्थव्यवस्था (भाग ४) : पुडीत नसलेलं डुक्कर

मागच्या आठवड्यात आपण पाकिटावरचा शिक्का पाहिला. आज त्या शिक्क्यामागची साखळी पाहू. त्यासाठी इंडोनेशियातल्या अजिनोमोटो प्रकरणाइतकं बोलकं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

अजिनोमोटो, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, जिवाणूंच्या मदतीने आंबवून तयार करतात. या जिवाणूंचं बियाणं जपायला पोषक द्रव्य लागतं. पूर्व जावातल्या कारखान्याने हे द्रव्य बदललं. नवं द्रव्य सोयाबीनचं होतं, पण ते बनवताना डुकराच्या स्वादुपिंडातलं विकर वापरलेलं होतं. ग्राहकाच्या पुडीत डुकराचा अंशही नव्हता. तरी २००० च्या अखेरीस तिथल्या उलेमा परिषदेने अजिनोमोटो हराम ठरवलं आणि २००१ च्या जानेवारीत हजारो टन माल बाजारातून परत घ्यावा लागला. राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद स्वतः मोठे धर्मपंडित. अंतिम उत्पादन हलाल आहे, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. परिषद मात्र आपल्या निर्णयावर ठाम राहिली.

दोन्ही बाजूंना शास्त्राधार होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. वाद होता तो तपासायचं काय याचा: हातात आलेली वस्तू, की ती जिथून जिथून आली ती सगळी वाट? इंडोनेशियाने वाट निवडली. जिलेटिन, ग्लिसरीन, चीजचं विरजण यांच्यासारख्या गोष्टी प्रयोगशाळेत नेहमी पकडता येत नाहीत. तिथे पुरवठादाराची कागदपत्रंच बोलतात. म्हणून हलाल व्यवसाय उभारताना खरेदी विभाग हा कणा ठरतो. कच्चा माल बदलला की प्रमाणपत्राचा प्रश्न नव्याने उभा राहतो.

२०१४ च्या ३३ व्या कायद्याने हे सगळं सरकारी चौकटीत आणलं. हलाल नसलेला माल विकायला बंदी नाही, पण तसं वेष्टनावर लिहावं लागतं. मोठ्या आणि मध्यम खाद्यउद्योगांसाठी प्रमाणपत्र घेण्याची मुदत १७ ऑक्टोबर २०२४ ला संपली. अगदी छोट्यांना २०२६ पर्यंत सवलत मिळाली. घरी केळ्याचे वेफर तळून विकणाऱ्या बाईला हलाल तपासनीसाचा खर्च कसा झेपणार? तिच्यासाठी स्वयंघोषणेची सोय आहे. प्रशिक्षित सहायक घरी येऊन सामान आणि कृती पाहतो, आणि तिला शुल्क भरावं लागत नाही. कायद्यातली ही तरतूद मला सर्वात शहाणपणाची वाटते.

पण बक्सो, म्हणजे मांसाच्या गोळ्यांचं सूप विकणारा गाडीवाला इथे अडतो. त्याचं मांस प्रमाणित कत्तलखान्यातून आलेलं असेल, तरच त्याची घोषणा ग्राह्य. बाजारात पहाटे कोंबड्या कापणाऱ्याकडे ते प्रमाणपत्र नसेल, तर गाडीवाल्याने कितीही स्वच्छ हाताने काम केलं तरी त्याचा अर्ज पुढे सरकत नाही. म्हणून पैसा आणि प्रशिक्षण आधी कापणाऱ्यांपर्यंत पोचायला हवं. गाडीवाल्याला तारखेचा धाक घालणं त्यानंतरचं काम. हे कापणारे कसे घडवले जातात, ते पुढच्या भागात.