नऊशे युरोंची शिल्लक

व्यावसायिक टेनिसपटू म्हटला की विंबल्डनची हिरवळ आणि लक्षावधींची पारितोषिके डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु क्रमवारीच्या दप्तरात ज्यांची नावे शेकड्यांच्या नि हजारांच्या घरात नोंदलेली असतात, त्यांच्या आरंभीच्या वर्षांचा ताळेबंद पाहिला, तर या वैभवशाली खेळाचा बहुतांश डोलारा तोट्यावरच उभा आहे, असे म्हणावे लागते. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या पाहणीनुसार 2013 साली सुमारे 14,000 खेळाडू व्यावसायिक स्पर्धांत उतरले, त्यांतील जवळजवळ निम्म्यांच्या हाती बक्षिसाची कवडीही पडली नाही, आणि प्रशिक्षकाचे वेतन न धरताही जमाखर्चाची तोंडमिळवणी पुरुषांत होत होती ती 336व्या क्रमांकापर्यंतच.

तळच्या पायरीवरील स्पर्धा 15,000 डॉलरच्या. ही रक्कम विजेत्याची, असा समज होणे स्वाभाविक. प्रत्यक्षात ती एकेरी-दुहेरीतील सर्वांत वाटली जाते, एकेरीचा विजेता जेमतेम 2,160 डॉलर घेऊन जातो, आणि पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला (बत्तिसांपैकी सोळाजण तेथेच हरतात) जे मिळते, त्यात प्रवास तर सोडाच, मुक्कामाचा खर्चही सुटेलच असे नाही. शिवाय क्रमवारीसाठी मिळालेले गुण 52 आठवड्यांनी बाद होतात, त्यामुळे दुखापतग्रस्त खेळाडू अंथरुणावर पडल्या पडल्याच खाली घसरत राहतो.

हरियाणातील झज्जरच्या सुमित नागलने हे सारे भोगले. टेनिसपटू महेश भूपतीच्या प्रशिक्षण योजनेत बालवयातच निवडल्या गेलेल्या या मुलाने 2015 मध्ये विंबल्डनला मुलांच्या दुहेरीचे विजेतेपद मिळवले आणि 2019 च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत, जगात 190वा असताना, साक्षात फेडररकडून पहिला सेट 6-4 असा हिसकावून घेतला. तो सामना तो हरला, तरी वृत्तपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले. मात्र कौतुकाने विमानाचे तिकीट निघत नाही. 2021 मध्ये खुब्यावर शस्त्रक्रिया झाली, क्रमांक पाचशेच्या पलीकडे गेला, आणि 2023 च्या सप्टेंबरात, देशातील अव्वल एकेरी खेळाडू असताना, इंडियन ऑइलचा पगार व महाराष्ट्रातील महा टेनिस फाउंडेशनचे साहाय्य असूनही, आपल्या खात्यात केवळ 900 युरो उरले असल्याचे त्याने सांगितले. वर्षाचा खर्च होता कोटी रुपयांच्या आसपास.

पुढच्याच जानेवारीत मेलबर्नच्या ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत, पात्रता फेऱ्या पार करून, त्याने मानांकित बुब्लिकला हरवले. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मानांकिताला नमवणारा 1989 मधील रमेश कृष्णननंतरचा तो पहिला भारतीय. दुसऱ्या फेरीपोटी मिळालेल्या 1,80,000 ऑस्ट्रेलियन डॉलरनी तूर्त चिंता मिटली, आणि फेब्रुवारीत चेन्नईची स्पर्धा जिंकून तो पहिल्या शंभरांत पोहोचला.

त्याच वर्षापासून पुरुषांच्या व्यावसायिक संघटनेने किमान वार्षिक उत्पन्नाची हमी देण्याची तजवीज केली आहे. ती एकेरीतील पहिल्या 250 खेळाडूंपुरती आहे. 15,000 डॉलरच्या स्पर्धांत झुंजणारे बहुतेक सारे त्या मर्यादेबाहेरच राहतात.