'स्वामी' वाचताना घाई का होत नाही

हा आपल्या या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय. जिथे वाहवत गेलो ते मात्र बरंचसं तसंच ठेवलंय, सांभाळून घ्या.

तर, 'स्वामी'. रणजित देसाईंची १९६२ सालची कादंबरी, १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. मी ती पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हातात घेतली आणि साठेक पानांनंतर ठेवून दिली. तक्रार एकच होती: काही होतच नाहीये! माधवराव महालात येतात, रमाबाई समोर असतात, चार वाक्यं बोलून होतात न होतात तोच काहीतरी निरोप येतो आणि पेशवे सदरेवर. पुढची पंचवीस पानं राजकारण. मग पुन्हा चार वाक्यं. मला वाटलं, लेखकाला प्रेमकथा लिहायची होती पण मधे मधे इतिहास येतोय.

मागच्या वर्षी कंपनीच्या बसमध्ये, रोजच्या दीड तासाच्या ट्रॅफिकमध्ये पुन्हा वाचायला घेतली. तेव्हा लक्षात आलं की मी उलटं समजत होतो. तो येणारा निरोप हीच प्रेमकथा आहे.

सावकाश पेटणाऱ्या प्रेमकथेत साधारणपणे एक प्रश्न आपल्याला पुढे ओढत नेतो: हे दोघं एकत्र येणार का? कुणाचा गैरसमज असतो, कुणाची जात किंवा ऐपत आडवी येते, घरचे विरोधात असतात. इथे तसलं काही नाही. दोघांचं लग्न लहानपणीच झालंय. एकाच वाड्यात राहतात, एकमेकांना आवडतात, कुणाची हरकत नाही. 'राऊ'मधल्या बाजीराव-मस्तानीसारखं घराण्याशी भांडणही नाही. म्हणजे अडथळा म्हणून शिल्लक राहते ती फक्त वेळ. यांना एकमेकांसाठी वेळ कधी मिळणार?

आता त्या काळाचं वेळापत्रक बघा, म्हणजे ही गोष्ट किती क्रूर आहे ते कळेल. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडायच्या आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायच्या. नद्यांना पूर, रस्त्यांचा चिखल, घोड्यांचे हाल, म्हणून चार महिने मुक्काम. मोहिमेवर जाणाऱ्या माणसाच्या बायकोच्या वाट्याला नवरा येतो तो मुख्यतः याच चार महिन्यांत. माधवरावांना पेशवाई मिळाली जुलै १७६१ मध्ये, पानिपतानंतर सहा महिन्यांनी, वयाच्या सोळाव्या वर्षी. वारले ते १८ नोव्हेंबर १७७२ ला. मोजून बारा पावसाळे.

आणि ते बारा तरी पूर्ण कुठे मिळतात? १७६३ च्या ऑगस्टमध्ये, ऐन पावसात, ते गोदावरीकाठी राक्षसभुवनला निजामाशी लढत होते. १७६८ च्या जूनमध्ये धोडपला सख्ख्या काकांशी. मधे हैदरसाठी कर्नाटकात पुन्हा पुन्हा स्वाऱ्या. उरलेल्या दिवसांत पुण्यात असले तरी रिकामं राज्य सांभाळायचं, कर्ज फेडायचं, राघोबादादांचे रुसवे काढायचे. आई गोपिकाबाईंशी बिनसलं ते वेगळंच.

म्हणून कादंबरीत मधे मधे येणारं राजकारण हे पाल्हाळ नाही. ती पानं वाचताना आपण नकळत तेच करत असतो जे रमाबाई करतायत. म्हणजे वाट बघणं. लेखक 'तिला विरह झाला' असं सांगून मोकळा होत नाही, आपल्यालाच पंचवीस पानं बसवून ठेवतो. मग माधवराव परत येतात आणि नुसतं "कधी आलात?" एवढं विचारणंसुद्धा मोठी घटना वाटते. मी दुसऱ्या वर्षाला ही वाट बघायला तयार नव्हतो, एवढाच प्रश्न होता. (एक कबुली: तेव्हा मी व्हिडिओसुद्धा दीडपट वेगाने बघायचो.)

सावकाश आणि रटाळ यांत फरक काय, असं एका श्रोत्याने विचारलं होतं. बासुंदी आटवताना गॅस बारीक असतो, पण आपण ढवळत असतो. ढवळणं थांबलं की खाली लागते. देसाई ढवळत राहतात. प्रत्येक भेटीत काहीतरी बोटभर सरकतं. आधी संकोच असतो, मग थट्टा, मग हट्ट, मग एकमेकांची काळजी लपवण्याची कसरत. हे सगळं अशा घरात, जिथे बायकोने नवऱ्याचं नावही घ्यायचं नाही. 'इकडून', 'स्वारी' असल्या आडवळणाच्या शब्दांतून बोलायचं. आज आपल्याला ही भाषा नाटकी वाटते, पण जवळ येण्याची एवढी अंतरं शिल्लक असतील तर एक अंतर कमी झाल्याचंही कळतं. शीर्षकाचीही तीच गंमत आहे. 'स्वामी' म्हणजे राज्याचा धनी आणि 'स्वामी' म्हणजे नवरा. एका शब्दावर दोघींचा हक्क, दौलतीचा आणि रमाबाईंचा.

शिवाय शेवट सगळ्यांना माहीत असतो. इतिहासाने स्पॉयलर आधीच देऊन ठेवलाय. त्यामुळे पान उलटताना 'पुढे काय' हा प्रश्न उरत नाही, 'किती उरलं' हा उरतो. मी आत्ता अठ्ठावीस वर्षांचा आहे. माधवराव गेले तेव्हा सत्तावीस. हा हिशेब बसमध्ये केला आणि त्या दिवशी पुढे वाचवलं नाही.

आता थेऊर. राजयक्ष्मा, म्हणजे क्षयाने पोखरलेले माधवराव शेवटी पुण्याजवळ थेऊरला, चिंतामणीच्या देवळापाशी राहायला येतात. तिकडे उत्तरेत मराठी फौजांनी शाह आलमला दिल्लीच्या तख्तावर पुन्हा बसवलेलं असतं, पानिपताचं उट्टं निघालेलं असतं. आणि इथे, अकरा वर्षांत पहिल्यांदा, या नवराबायकोला वेळ मिळतो. आता घोडा तयार नाही, मोहीम नाही. आजारपणाने दिलेला वेळ. मला वाटतं, अख्ख्या कादंबरीतलं हेच सगळ्यात जीवघेणं आहे.

आणि मग रमाबाई सती जातात.

इथे मला थांबायचंय, कारण यावर माझं आणि आईचं कडाक्याचं भांडण झालं. आईच्या पिढीने हे सगळं दूरदर्शनवर पाहिलेलं, गजानन जागीरदारांची मालिका, रवींद्र मंकणी आणि मृणाल देव. आई म्हणते, तो शेवट बघून घरातले सगळे रडले होते, तुला त्यात फक्त प्रथा दिसते. मी म्हटलं, रडू मलाही आलं, आणि त्याचाच मला त्रास होतोय.

का ते सांगतो. इतकी पानं आपण रमाबाईंच्या बरोबरीने वाट बघितलेली असते. त्या वाट बघण्याचं काहीतरी फळ मिळावं असं मनाला वाटतं. कादंबरी ते फळ चितेच्या रूपात देते: आता कुणी निरोप घेऊन येणार नाही, आता ताटातूट नाही. आपण ते स्वीकारतो, कारण लेखकाने आपल्याला तिथवर इतक्या सावकाश आणलंय. हीच गोष्ट तीस पानांत सांगितली असती तर आपण दचकलो असतो. मुंबई इलाख्यात सतीवर बंदी आली १८३० मध्ये, या घटनेनंतर जवळपास साठ वर्षांनी, हे मला माहीत होतं. तरी त्या पानावर ते आठवलं नाही.

"मग तिने काय करायचं होतं?" आई म्हणाली. उत्तर त्याच वाड्यात आहे. बाजीरावांमागे काशीबाई जगल्या. नानासाहेबांमागे गोपिकाबाई जगल्या. आणि पार्वतीबाई, सदाशिवरावभाऊंच्या. भाऊ पानिपतावर गेले, हे त्यांनी मानलंच नाही. १७८३ मध्ये वारल्या तोवर सौभाग्यवतीसारख्या राहिल्या, मधे भाऊंचा तोतयाही येऊन गेला. म्हणजे तब्बल बावीस वर्षांची वाट.

आईने यावर थोडा वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाली, "पार्वतीबाईंवर का नाही कुणी इतकी सावकाश कादंबरी लिहिली?" तुमच्या वाचनात तशी एखादी असेल तर मला जरूर कळवा. आई वाट बघतेय.