डिझाइन इंटर्नशिपला मुलं येत नाहीत? आधी आपली जाहिरात वाचा!

या भागातलं बोलणं थोडं नीटनेटकं करून इथे लिहून देतोय.

परवा एका छोट्या कंपनीतल्या मित्राचा फोन आला. "अरे, यूआय डिझाइनला इंटर्न हवाय. महिना झाला, चारच अर्ज. मुलांना शिकायचंच नाही रे!" म्हटलं, जाहिरात पाठव. त्यात होतं: फिग्मा, एचटीएमएल, जावास्क्रिप्टवर प्रभुत्व, एक वर्षाचा अनुभव, उत्तम पोर्टफोलिओ. मानधनाचं नावच नाही. आता मला सांगा, वर्षभराचा अनुभव असलेला माणूस इंटर्नशिप कशाला करेल?

यावरून एक जुनी गोष्ट आठवली. ग्नोम हा लिनक्सवरचा डेस्कटॉप. 2006 साली गूगल समर ऑफ कोडसाठी त्यांच्याकडे 181 अर्ज आले. त्यात बाईचा एकही नाही. 'बायकांना रस नाही' म्हणून ते गप्प बसू शकले असते. पण त्यांनी त्याच उन्हाळ्यात खास स्त्रियांसाठी वेगळी योजना जाहीर केली, आणि अर्ज आले! म्हणजे माणसं होतीच, बोलावणं पोचत नव्हतं. त्याच धाग्यातून पुढे 'आउटरीची' हा कार्यक्रम उभा राहिला. तिथे कोडिंगबरोबर डिझाइनचीही कामं असतात, मानधन मिळतं, आणि बायोडेटा मागत नाहीत. अर्जाच्या काळात मार्गदर्शकाच्या मदतीने एखादं छोटं काम करून दाखवायचं.

यातून आपण काय घ्यायचं?

पहिलं, मानधनाचा आकडा जाहिरातीतच लिहा. सोलापूरहून पुण्यात येणाऱ्या मुलीला खोलीचं भाडं भरायचंय. आकडा नसेल तर ती अर्जच करत नाही, आणि आपल्याला ते कळतही नाही.

दुसरं, 'काय येतं' याच्यासोबत 'काय शिकाल' तेही सांगा. कोण शिकवणार, कुठल्या स्क्रीनवर काम, आठवड्याला किती तास.

तिसरं, पोर्टफोलिओ नसेल तर तासाभराचं एक काम द्या. पण आपल्याच ॲपचं काम फुकटात करून घेऊ नका! मुलं एकमेकांना सांगतात बरं का. साधा प्रश्न विचारा: 'सबमिट'च्या जागी 'अर्ज पाठवा' लिहिलं तर मांडणीत काय काय बदलेल? मराठी वाचणारी मुलगी लगेच सांगेल, बटण रुंद करावं लागेल, आणि रफारासारख्या चिन्हांसाठी ओळींत अंतर वाढवावं लागेल. हे ज्ञान प्रमाणपत्रात दिसत नाही.

चौथं, वेळ. उन्हाळ्यात इंटर्न हवा असेल तर ऐन परीक्षेत जाहिरात टाकून उपयोग नाही. जानेवारी-फेब्रुवारीत टाका. आणि फक्त नामवंत डिझाइन संस्थांना नको, कॉम्प्युटर आणि कलाशाखेच्या कॉलेजांनाही पाठवा. तिथल्या सरांना फोन करा, पोस्टरपेक्षा त्यांचा शब्द जास्त चालतो.

मित्राला हे सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "अरे, ही जाहिरात तेव्हा असती तर मीसुद्धा अर्ज केला नसता."

बस, एवढंच तपासायचं. आपली जाहिरात वीस वर्षांच्या स्वतःला वाचून दाखवा. तो अर्ज करेल का?

भेटू पुढच्या भागात!